चालायला लागेपर्यंत

संध्याकाळी पाळणाघराच्या दारात ठिपका एका कडेवरून दुसऱ्या कडेवर जायचा. काठोकाठ भरलेलं पातेलं सांभाळून द्यावं तसा उंचमावशी त्याला दोन्ही हातांनी पुढे करायची, त्याची आई तसाच सांभाळून घ्यायची, आणि मधल्या एका क्षणात त्याचे मोज्यातले पाय हवेत लोंबकळायचे. बाकीची पोरं दाराशी रांगत यायची, धावत यायची, एकमेकांच्या अंगावर पडायची, बूट उलटे घालून वर शाबासकी मागायची. ठिपका तेवढा हातातून हातात.

“जेवला. झोपला. रडला नाही,” उंचमावशी सांगायची.

“बरं,” ठिपक्याची आई म्हणायची.

घरी गेल्यावर ती त्याचे मोजे काढून उलटसुलट करून बघायची. ती चष्म्याच्या कारखान्यात काचा तपासायच्या टेबलावर होती. दिवसभर दिव्यासमोर एकेक काच धरायची आणि चरा शोधायचा. डोळ्यांची ती खोड घरी आल्यावरही सुटत नसे. दुसऱ्या मुलांचे मोजे तिने पाळणाघरातल्या खुंट्यांवर पाहिले होते, तळाला काळेकुट्ट, टाचेला भोकं. ठिपक्याचे पांढरेशुभ्र. सुरुवातीला तिला त्याचं बरं वाटायचं. पुढे बरं-वाईट काहीच वाटेनासं झालं. नुसती बघायची आणि टोपलीत टाकायची.

दाताचे डॉक्टर सुई देतात तेव्हा गाल कसा होतो? आपलाच असतो, पण चावला गेला तरी पत्ता लागत नाही. ठिपका जन्मल्यापासून ती सगळीच्या सगळी तशी झाली होती. तो वेळेच्या फार आधी आला. नाव सुचायच्याही आधी. नर्स म्हणाली, “हा बघा तुमचा ठिपका,” आणि तेच चिकटलं. मग कितीतरी दिवस तो काचेच्या पेटीत आणि ही बाहेर स्टुलावर. कोपरापर्यंत हात धुवायचे, पेटीच्या भोकातून एक बोट आत घालायचं, नर्सने ‘पुरे’ म्हटलं की काढायचं. पेटीत त्याला ठेवलेलं असायचं. कोणी उचलून तपासायचं, पुन्हा ठेवायचं. घरी आणला त्या दिवशी तिने मनाशी पक्कं केलं की याला आता कुणी, कुठे, ठेवायचं नाही.

पण रजा संपली आणि पाळणाघर आलं.

पाळणाघर म्हणजे आधी पडद्यांचं दुकान होतं. रस्त्याकडची अख्खी भिंत काचेची, आत निळी जाड सतरंजी, भिंतीला लागून खेळण्यांची एक लांब बुटकी फळी. वस्तीत माणसं दहा दिशांनी येऊन राहिलेली, त्यामुळे पोरंही दहा तऱ्हांची. प्रत्येक घर येताना पिशवीत दुपटी आणायचं आणि तोंडात एक ‘आमच्यात’. जुळ्यांचे बाबा बसचालक होते. ते म्हणाले, आमच्यात आई-बापाशिवाय कोणी लेकराच्या डोक्याला हात लावत नाही, मायेनेसुद्धा नाही. एका मुलीला झोपवताना तोंडावरून पातळ ओढणी घ्यायची. एका पोराला ‘गुणी बाळ’ म्हणायचं नाही, निदान मोठ्याने नाही. उंचमावशी हे सगळं डोक्यात ठेवायची. कपाळाला खरचटलं तरी जुळ्यांचं डोकं न धरता औषध लावायचं कसब तिने कमावलं होतं. ती स्वतःही लांबूनच आलेली. तिच्यात काय असतं, हे मात्र तिला कोणी विचारलेलं नव्हतं.

पहिल्या दिवशी उंचमावशीने नेहमीप्रमाणे विचारलं, “तुमच्यात काही असतं का? म्हणजे तसं सांभाळता येईल.”

ठिपक्याच्या आईने सतरंजीकडे पाहिलं. एक पोर लाकडी गाडी दुसऱ्याच्या टाळक्यात घालायच्या बेतात होतं. एक पालथं पडून सतरंजी चाटत होतं. ‘मला भीती वाटते’ असं म्हणायचं तिच्या मनात होतं. पण ते म्हटलं असतं तर काय झालं असतं तेही तिला ठाऊक होतं. मावशीने पाठीवर हात ठेवून म्हटलं असतं, पहिलटकरणींना वाटतंच हो, होईल सवय. सासूबाई असंच म्हणायच्या, नवरा असंच म्हणायचा, डॉक्टरही. भीतीला कोणीही उत्तर देतं.

“आमच्यात,” ती म्हणाली, “बाळाला जमिनीवर ठेवत नाहीत.”

“अजिबात?”

“अजिबात.”

“किती दिवस?”

हा प्रश्न येईल असं तिला वाटलं नव्हतं. “चालायला लागेपर्यंत,” तिने दडपून दिलं.

उंचमावशीने मान खाली घातली, एखाद्याच्या घरात शिरताना घालतात तशी. “बरं,” ती म्हणाली आणि ठिपक्याला कडेवर घेतलं. तिथून पुढे दिवसभर तो एक तर कडेवर, नाहीतर मांडीवर, नाहीतर उंच खुर्चीत. झोपायला पाळणा. उंचमावशी मोकळ्या हाताने दुसऱ्यांची नाकं पुसायची, जेवण भरवायची, आणि ठिपका तिच्या कमरेवर बसून सगळीकडे वरून बघायचा. काही महिन्यांनी मावशीच्या कमरेला रुंद पट्टा आला. ठिपक्याच्या आईने तो पहिल्याच दिवशी टिपला. टिपला आणि सोडून दिला.

ठिपका दीड वर्षाचा व्हायला आला तरी उभा राहीना. सासूबाई रोज फोनवर तोंड दाखवायला लावायच्या. “अगं, पाय आहेत ना त्याला? की अजून पेटीतच विसरलात?” असं म्हणून स्वतःच हसायच्या. नवरा म्हणायचा, “पाळणाघरात एवढी पोरं आहेत, बघून बघून शिकेल.” घरी तो पलंगावर असायचा, सोफ्यावर असायचा, बापाच्या खांद्यावर असायचा. पाळणाघरात खेळतच असेल खाली, असं नवरा धरून चालला होता. ठिपक्याच्या आईला माहीत होतं आणि नव्हतं. सांगितलं होतं खरं, पण एवढं तंतोतंत दिवसभर कोण पाळतं? मोजे रोज पांढरे असायचे. ते ती रोज बघायची.

डॉक्टरांनी ठिपक्याचे गुडघे वाकवून पाहिले, कंबर फिरवून पाहिली. मग मोजा काढला आणि तळव्यावर अंगठा फिरवला.

“हे तर अगदी नवे आहेत,” ते म्हणाले.

“काय?”

“तळवे. कालच जन्मल्यासारखे. दिवसा कुठे असतो हा?”

“पाळणाघरात.”

“खाली खेळतो ना?”

“खेळत असेल.”

डॉक्टरांनी तिच्याकडे पाहिलं, नवऱ्याकडे पाहिलं आणि मोजा परत चढवला. “हाडांत मला काही दिसत नाही. आता असं करा, याला रोज जमिनीवर सोडा. पुढच्या महिन्यात या. तोवर धरून उभा राहून पाऊल टाकायला लागला तर उत्तम. नाहीतर मेंदूच्या आणि नसांच्या तपासण्या कराव्या लागतील. वेळेआधीचं बाळ आहे, थांबून चालणार नाही.”

नवऱ्याचा चेहरा पांढराफटक पडला. ती मात्र तळव्याचाच विचार करत होती. दिव्यासमोर धरली आणि एकही चरा नसला की काच पास व्हायची.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने ठिपक्याला उंचमावशीच्या हातात देताना म्हटलं, “मावशी, आता खाली ठेवलंत तरी चालेल.”

उंचमावशीचा चेहरा उजळला. “चालायला लागला?”

“नाही.”

“मग?”

“नाही, म्हणजे... ठेवलंत तरी चालेल.”

उंचमावशीने तिची नजर आपल्या पट्ट्यावर गेलेली पाहिली आणि ओशाळून पदर पुढे ओढला. “अहो, याची नका काळजी करू. घरी पण वजनं उचलतेच की मी. माझ्यासाठी तुमची रीत मोडू नका. एवढे दिवस पाळली, आता थोडक्यासाठी कशाला?”

यावर काय बोलायचं? रीत सांगायला एक वाक्य पुरलं होतं. ती परत घ्यायला सगळंच सांगावं लागणार होतं. कारखान्याची बस कोपऱ्यावर उभी होती. “बरं,” ती म्हणाली आणि गेली. त्या संध्याकाळी तिने ठिपक्याला स्वयंपाकघरात फरशीवर ठेवून पाहिलं. फरशी लागताच त्याने दोन्ही पाय पोटाशी ओढून घेतले, तापल्या तव्यावर पडल्यासारखे, आणि अशी किंकाळी फोडली की शेजारच्यांनी भिंत ठोकली. तिने उचललं. रोज ठेवायची, रोज उचलायची. ठेवण्यापेक्षा उचलणं लवकर व्हायचं.

याच दिवसांत पाळणाघरात ढब्बू आली. गालफुगी, दहा-अकरा महिन्यांची, घरी चटचट रांगणारी. ढब्बूची आई एका बँकेत होती. ती निघाली नेमकी यांच्याच भाषेची, यांच्याच माणसांतली. दारातच तिने ठिपक्याच्या आईचा दंड धरला. “अहो, तुम्ही आपल्यातल्या! मला सांगायचं नाही का कोणी? इथे वर्षभर मी आपल्या भाषेत भांडायलाही तरसले होते. घरी आहे एक, पण तो उलट बोलतच नाही.”

ठिपक्याची आई ओठांनी हसली.

आठवडाही झाला नसेल, ढब्बूची आई तिला रस्त्यातच आडवी आली. चेहरा लालबुंद. “एक विचारते, खरं सांगा. तुमच्या पोराला ती उंच बाई खाली ठेवते?”

“का?”

“माझ्या ढब्बूला ठेवत नाही! मी परवा लवकर आले, काचेतून बघत उभी राहिले. सगळी पोरं खाली धुडगूस घालतायत आणि आपली दोन वर. एक तिच्या कडेवर, एक खुर्चीत. मी म्हटलं, सोडा की तिला. तर म्हणते कशी, ‘नको, राहू दे, मी सांभाळते.’ हसून म्हणते वर! आपल्याच पोरांनी काय विटाळते का हो त्यांची सतरंजी?”

“तसं नसेल.”

“मग कसं असेल? तुमचा दीड वर्षाचा झाला तरी चालत नाही, तुम्हाला काहीच वाटत नाही? मी मोठ्या बाईंना सांगितलंय. शुक्रवारी दुपारी बसायचंय. तुम्ही यायचं. दोघींनी सांगितलं तर तिला जावंच लागेल.”

ठिपक्याची आई म्हणाली, “येते.”

शुक्रवारी पोरं झोपल्यावर चौघी बसल्या. पाळणाघर चालवणाऱ्या मोठ्या बाई, उंचमावशी, ढब्बूची आई आणि ठिपक्याची आई. बसायला पोरांच्याच खुर्च्या होत्या. उंचमावशीचे गुडघे हनुवटीला लागत होते. ठिपका एकटाच जागा होता, उंच खुर्चीत, ताटलीवर बोट फिरवत.

ढब्बूच्या आईने एका दमात सगळं सांगितलं. “वरून बघत बसतात ती दोघं, गॅलरीतून वरात बघितल्यासारखी,” तिने शेवट केला. “मला एवढंच सांगा, का? आणि कारण नसेल तर मला ही बाई इथे नको.”

मोठ्या बाईंनी उंचमावशीकडे पाहिलं. “हे खरं आहे?”

“हो.”

“दोघांनाही ठेवत नाहीस?”

“नाही ठेवत.”

“का पण?”

उंचमावशीला प्रश्नच कळला नसावा. “त्यांच्यात ठेवत नाहीत,” ती म्हणाली.

“कोणाच्यात?” ढब्बूची आई.

“तुमच्यात.” उंचमावशीने हनुवटीने आधी हिच्याकडे, मग तिच्याकडे दाखवलं. “दोघींच्यात. चालायला लागेपर्यंत.”

ढब्बूच्या आईला हसू फुटलं. “ठेवलं नाही तर चालायला लागणार कसं, बाई माझे?”

“मलाही तेच वाटायचं,” उंचमावशी म्हणाली. “पण रीत आहे म्हटल्यावर विचारणार कसं? तुम्ही त्यांच्यातल्या म्हणून तुमचीही तशीच सांभाळली. तुम्ही खाली सोडा म्हणालात, तर मला वाटलं, माझ्याकडे बघून भिडेखातर म्हणताय. या पण तसंच म्हणाल्या होत्या.”

“ऐकलंत?” ढब्बूची आई हसत हसतच वळली. “आपल्यात म्हणे...” आणि तिथेच थांबली.

ठिपक्याच्या आईजवळ एक वाक्य तयार होतं. इस्त्री करून, घडी घालून ठेवलेलं. मावशींचा काहीतरी गैरसमज झाला असेल. खोटं म्हणण्यासारखंही त्यात काही नव्हतं. ते म्हटलं असतं की उंचमावशी पट्टा बांधून घरी गेली असती, सोमवारी दुसरी मावशी आली असती आणि तिला पहिल्याच दिवशी सांगता आलं असतं, खाली सोडा. छाती धडधडायला हवी होती. धडधडत नव्हती. तिने पट्ट्याकडे पाहिलं. बक्कल घासून घासून पिवळं पडलेलं. डाव्या बाजूला, जिथे ठिपका बसायचा, तिथली शिवण उसवून पुन्हा काळ्या दोऱ्याने घातलेली.

“मी सांगितलं होतं,” ती म्हणाली.

“काय?”

“की आमच्यात ठेवत नाहीत. तसं काही नाहीये. मी सांगितलं.”

ठिपक्याने ताटली खाली टाकली. तिघी एकदम दचकल्या. उंचमावशी दचकली नाही.

“रीत नव्हती?” तिने विचारलं.

“नव्हती.”

“मग काय होतं?”

“मला भीती वाटायची.”

“एवढंच?”

“एवढंच.”

उंचमावशी त्या लहानशा खुर्चीवरून हात टेकत टेकत उठली. उठायला तिला बराच वेळ लागला. “मी माझ्या बहिणीला सांगितलं होतं,” ती म्हणाली. “म्हटलं, अशी एक माणसं असतात, लेकराला भुई लागू देत नाहीत. ती म्हणाली, चक्रम दिसतायत. मी भांडले तिच्याशी. म्हटलं, त्यांचं असेल काहीतरी कारण, आपल्याला काय कळतंय. मनातून मलाही चक्रमपणाच वाटायचा. तरी भांडले.”

“मावशी...”

“माझी कंबर गेली हो,” उंचमावशी म्हणाली. आवाज चढला नव्हता. तिने ठिपक्याला खुर्चीतून उचललं, सवयीने डाव्या कमरेवर घेतलं आणि त्याच्या आईपुढे येऊन उभी राहिली. दोन्ही हातांनी पुढे केला, रोजच्यासारखा. “घ्या. आणि ठेवा खाली. मी नाही ठेवणार. तुम्ही वर ठेवायला लावलात, तुम्हीच ठेवा.”

आईने ठिपक्याला घेतलं. सतरंजीपाशी गेली, वाकली आणि ठेवलं. त्याने पाय पोटाशी घेतले, घरी घ्यायचा तसे, आणि किंचाळला. दोन्ही हात वर केले. आधी तिच्याकडे, मग उंचमावशीकडे. दोघींचे हात निघाले आणि दोघींचे अर्ध्यावर थांबले. आरडाओरड्याने ढब्बू जागी झाली. दुपट्यातून रांगत बाहेर आली, रडणाऱ्यापाशी बसली आणि त्याचा मोजा ओढायला लागली. ओढता ओढता मोजा निघाला, ढब्बू मागे उताणी पडली. ठिपका रडायचं विसरून तिच्याकडे बघायला लागला. बघताना त्याचा उघडा पाय सतरंजीला टेकला. त्याने तो झटकन उचलला. मग पुन्हा टेकवला.

ठिपक्याच्या आईने हे सगळं पाहिलं. काही वाटेल म्हणून ती थोडा वेळ तशीच थांबली. फक्त हात कुठे ठेवायचे ते समजत नव्हतं.

“बरं झालं, निस्तरलं,” मोठ्या बाई उठत म्हणाल्या. “मावशी कुठे जात नाही. पण सोमवारपासून हे ‘आमच्यात’, ‘तुमच्यात’ बंद. सगळ्या पोरांना एकच नियम. मला कुठे कळणार, कोण खरं सांगतंय आणि कोण ठोकून देतंय?”

तेव्हा हे कोणाला फारसं खटकलं नाही.

सोमवारी संध्याकाळी ती पोचली तर दारात जुळ्यांचे बाबा उभे होते, बसचालकाच्या गणवेशात. समोर त्यांची दोन्ही पोरं. दोघांचे केस ओले करून, भांग पाडून, चापूनचोपून बसवलेले. मोठ्या बाईंनी स्वतःच्या हातांनी विंचरले होते. पोरं गोंधळल्यासारखी बापाकडे बघत होती.

“हात कोणी लावला?” त्यांनी विचारलं.

“आता सगळ्यांना सारखंच आहे,” मोठ्या बाई म्हणाल्या. “राग मानू नका, पण इथे एक प्रकार झाला...”

“झालेला प्रकार ऐकलाय मी.” ते मागे वळले. ठिपक्याच्या आईला त्यांनी ओळखलं. “आमचं खोटं नव्हतं,” ते तिला म्हणाले.

“तुमचं खरं आहे. माझं खोटं होतं.”

“आमचं खरं आहे हे तुम्हाला काय माहीत? कधी विचारलंत?”

“नाही.”

“मग?”

त्यांनी खिशातून रुमाल काढला, एकेका पोराचं डोकं दोन्ही हातांत धरलं आणि हळूहळू पुसलं. भांग मोडला, केस पुन्हा उभे राहिले. मग दोघांना दोन्ही बाजूंना धरून ते गेले. दुसऱ्या दिवशी पोरं आली नाहीत. तिसऱ्याही दिवशी नाही.

ढब्बूची आई तिच्याशी आता आपल्या भाषेत बोलत नव्हती, सगळ्यांच्या भाषेत बोलायची, तेही तुटक. “तुमच्यापायी मी त्या बाईला घालवलं असतं,” एवढंच तिने एकदा म्हटलं. ठिपक्याच्या आईने मान हलवली. ते खरंच होतं.

चौथ्या दिवशी तिने कारखान्यातून अर्धी सुट्टी घेतली आणि मोठ्या बाईंना गाठलं. “एकच नियम काढून टाका.”

“म्हणजे पुन्हा तेच? उद्या आणखी कोणी तुमच्यासारखं आलं तर?”

“येईल.”

“मग मी ओळखायचं कसं, कोणाची रीत आणि कोणाची भीती?”

“विचारायचं. मावशींना विचारावंसं वाटत होतं. त्यांनी ‘का’ एवढं जरी विचारलं असतं तर मी...” ती थांबली. विचारलं असतं तर सांगितलं असतं का? तिने प्रामाणिकपणे आठवून पाहिलं. “कदाचित सांगितलं असतं. कदाचित आणखी एक थाप मारली असती.”

“बघा!”

“पण जुळ्यांच्या डोक्याला हात लावून यातलं काय कळलं?”

सतरंजी झटकणारी उंचमावशी पाठ न वळवता म्हणाली, “मी जाऊन येते त्यांच्या बाबांकडे. बसच्या थांब्यावर असतात सहाला.”

“मीही येते,” ठिपक्याची आई म्हणाली.

“तुम्ही कशाला? तुम्हाला बघून चिडतील.”

“चिडू देत.”

चिडलेच ते. गाडीचं दार उघडं ठेवून, इंजिन चालू ठेवून चिडले. मागचे उतारू घड्याळं बघायला लागले. ती ऐकत राहिली. शेवटी उंचमावशीने विचारलं, “पण दादा, का लावत नाहीत हो हात? मी इतके दिवस पाळतेय, कधी विचारलंच नाही.” “आजी लावू द्यायची नाही,” ते म्हणाले. “तिला विचारायचं राहून गेलं.” मग गिअर टाकता टाकता म्हणाले, “पण लावायचा नाही.”

“नाही लावत,” उंचमावशी म्हणाली.

पुढच्या सोमवारी जुळे आले. तेव्हापासून कोणी ‘आमच्यात’ म्हटलं की उंचमावशी ‘बरं’ म्हणायची आणि वर ‘का हो?’ विचारायची. कोणी सांगायचं, कोणी फणकारायचं, एका आजोबांनी तर अर्धा तास घेतला. ठिपक्याच्या आईशी मात्र ती कामापुरतंच बोलायची. जेवला, झोपला, आज दोनदा रडला. कमरेचा पट्टा सुटला नव्हता.

एक बदल झाला होता. ठिपक्याला ती आता हातात देत नसे. संध्याकाळी त्याला बुटक्या फळीच्या त्या टोकाला धरून उभा करायची, स्वतः दोन्ही हात पाठीमागे बांधायची आणि बाजूला व्हायची. पहिले काही दिवस तो तिथेच बसकण मारायचा आणि आई आत जाऊन उचलायची. मग तो फळी धरून दोन-तीन खेळण्यांएवढा सरकायला लागला. सासूबाईंना फोनवर दाखवलं तर म्हणाल्या, “अरे वा, खेकडा झाला की!”

डॉक्टरांकडे जायच्या आदल्या संध्याकाळी ती दारात पोचली तेव्हा ठिपका फळीच्या मध्यावर होता, उघड्या पायांनी. तिला बघून त्याने भोकाड पसरलं नाही, हातही वर केले नाहीत. फळी सोडायला त्याला फुरसतच नव्हती. एक हात पुढे, मग पाय, मग दुसरा हात. वाटेत लाकडी बदक आलं, ते त्याने ढकलून पाडलं. तिच्यामागे दारात माणसं साचायला लागली. ढब्बूची आई होती, आजोबा होते, आणखी कोण कोण होते. आत जायला वाट नव्हती.

“काय झालं, आज वरात आहे का?” ढब्बूची आई मागून म्हणाली. आपल्या भाषेत म्हणाली.

ठिपका फळीच्या टोकाला आला. फळी तिथे संपत होती. तिथून त्याच्या आईपर्यंत हातभर जागा होती, रिकामी. त्याने त्या जागेकडे पाहिलं, मग मागे उंचमावशीकडे पाहिलं. तिचे हात पाठीमागेच होते, बोटात बोटं घट्ट अडकवलेली.

ठिपक्याची आई गुडघे टेकून बसली. खालून फरशीचा गारवा तिच्या गुडघ्याला लागला. गार आहे, तिला कळलं. तिने हात पुढे केले नाहीत, मांडीवर ठेवले.

“सावकाश,” मागून जुळ्यांच्या बाबांचा आवाज आला. “आम्हाला घाई नाही.”

ठिपक्याने एक हात सोडला.